खणखणीत वाचन

कोर्टाचा माणूस वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा नववीची मुलं एका सुरात उतारा वाचत होती आणि झुनिल्दाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. ही त्यांची जुनी सवय. कोण कुठे अडखळलं, कुणी स्वल्पविराम गिळला, ते डोळे उघडे असले की नीट कळत नाही, असं त्या नव्या शिक्षकांना सांगत. त्या माणसाने सही घेतली, कागद हातात दिला आणि घाम पुसत तिथेच रेंगाळला. ऑक्टोबरातच असुन्सिओन शहर भट्टीसारखं तापलं होतं आणि वर्गात निदान पंखा होता. बाईंनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. सगळे शब्द स्पॅनिश होते, ओळखीचे होते, एकाही शब्दाला त्या अडल्या नाहीत. पण लांबलचक वाक्य संपलं तेव्हा हाती काहीच लागलेलं नव्हतं. तीस वर्षं त्या हीच भाषा शिकवत होत्या. मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी दाराबाहेर पाऊल टाकलं आणि हळूच विचारलं, "यात काय लिहिलंय हो?" तो माणूस हसला. "गुरुवारी नऊ वाजता कामगार न्यायालयात साक्षीला या, एवढंच लिहिलंय, बाई. बाकीचं कोणी वाचत नसतं." तो गेला. बाई वळल्या तर वर्गात वाचन चालूच होतं. उतारा संपवून मुलं कुणी न सांगता पुन्हा पहिल्या ओळीवर आली होती आणि त्याच सुरात, त्याच ठिकाणी श्वास घेत पुढे निघाली होती. बाई तिथे असल्या काय, नसल्या काय.

कागदातला एक शब्द मात्र त्यांना लख्ख कळला होता. नोएलिया ब्रितेस. हे नाव कळायला शब्दार्थ लागत नव्हता. मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीच्या बरोबर मागे तिचा फोटो होता: चौदा वर्षांची काटकुळी मुलगी, पांढरा शर्ट, गळ्यात निळा टाय, हातात राष्ट्रीय प्रकट वाचन स्पर्धेचं पहिलं बक्षीस, आणि तिच्या खांद्यावर झुनिल्दा ओवेलार बाईंचा हात. त्या फोटोने शाळेला नाव मिळवून दिलं, वाचनकक्ष मिळवून दिला, आणि बाईंना "पद्धत" मिळवून दिली. त्याआधी त्या नुसत्याच शिकवत होत्या. फोटोनंतर ती त्यांची पद्धत झाली. शिक्षण खात्याने त्यांना गावोगावी कार्यशाळा घ्यायला पाठवलं. फळ्यावर वाक्य लिहायचं, लाल खडूने श्वासाच्या जागा दाखवायच्या, आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा ते हाताने दाखवायचं. माध्यमिक शाळेत येऊनही अक्षर अक्षर चाचपडत वाचणारी मुलं सहा महिन्यांत धबधब्यासारखी वाचू लागत. हे खोटं नव्हतं. हजारोंनी मुलं वाचू लागली होती. संध्याकाळी बसमध्ये उभं राहून घरी जाताना बाई हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि सांगावं का लागतंय हे त्यांना समजत नव्हतं.

घरी आल्यावर फोन वाजला. गिल्दा बारेइरो नावाची वकीलबाई बोलत होती, गरिबांना सरकारकडून मिळणारी. आवाजावरून तिशीचीही नसावी. तिने सगळं सरळ सांगितलं. नोएलिया एका सुपरमार्केटच्या बेकरीत कामाला होती. तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात मॅनेजरने तिला ऑफिसात बोलावून एक कागद पुढे केला आणि दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायला सांगितला. तिने वाचला, सही केली. कागदावर होतं की ती आपल्या राजीखुशीने काम सोडत आहे आणि यापुढे तिचा कसलाही हक्क राहणार नाही. सोमवारी ती नेहमीसारखी पहाटे कामावर हजर झाली, पाव भाजायला, तेव्हा पहारेकऱ्याने तिला दारात अडवलं. तिला वाटलं होतं, बाळंतपणाच्या रजेचा कागद आहे. "आता सुपरमार्केटवाले म्हणतात," गिल्दा म्हणाली, "ही राष्ट्रीय बक्षीस मिळवलेली वाचक. प्रमाणपत्र तिने स्वतःच नोकरीच्या अर्जाला जोडलं होतं. हिला वाचता येत नाही असं कोण म्हणेल? म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावलंय, बाई. तुम्ही त्यांच्या साक्षीदार आहात." पलीकडून गिल्दाने जरा घुटमळत विचारलं, "मी तिला तीन वेळा भेटले. तो कागद तिने मला वाचून दाखवला. इतका सुंदर की मी ऐकतच राहिले. मग मी विचारलं, यात काय म्हटलंय, तर तिने पुन्हा वाचून दाखवला. तुम्हाला हे माहीत होतं का?"

माहीत होतं. फोन ठेवून बाई स्वयंपाकघरात बसून राहिल्या, पुढ्यातल्या तेरेरेच्या, गार पाण्यात भिजवलेल्या पानांच्या पेयाच्या पेल्यातला बर्फ विरघळून गेला तरी त्यांनी तो तोंडाला लावला नाही. आपल्याला माहीत होतं, आणि ते कुठल्या दिवशी, कुठल्या घटकेला माहीत झालं तेही माहीत होतं. स्पर्धेचा दिवस. उतारा समुद्राकाठच्या एका गावाचा होता. या देशाला समुद्र नाही. नोएलियाने नदीपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. पण ओहोटीचा परिच्छेद आला, शंख-शिंपले मागे टाकून पाणी दूर जातं तो, तेव्हा तिचा आवाज असा भरून आला की परीक्षकांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रुमाल काढला. परतताना बसस्थानकावर बाईंनी तिला गरम चिपा, चीज घातलेला पाव, घेऊन दिला. तो दोन्ही हातांनी धरून खाता खाता नोएलियाने विचारलं, "बाई, ती बाखामार कोण होती? परत येते का ती शेवटी?" बाखामार म्हणजे ओहोटी. पोरीला ते बाईमाणसाचं नाव वाटलं होतं. तिची आई तेव्हा दोन वर्षं ब्वेनोस आइरेसला लोकांच्या घरी कामाला होती आणि पोर मावशीकडे राहत होती. सगळं मागे टाकून दूर गेलेल्या त्या बाखामारसाठी ती रडवेली झाली होती. बाई हसल्या होत्या. मनापासून, लाडाने हसल्या होत्या. तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या होत्या, खा गं तू, छान वाचलंस ना, मग झालं. एवढंच. बस आली आणि त्या बसल्या. खिडकीतून वारा येत होता, बक्षीस मांडीवर होतं, आणि बाईंना आठवतं, आपण सुखात होतो. पोरीने प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्या दिवसापासून तिने बाईंना कधीच कुठल्या शब्दाचा अर्थ विचारला नाही.

आपण वाईट होतो का, असं बाई त्या रात्री आणि बुधवारी दिवसभर स्वतःला विचारत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना आपलं लहानपण आठवे. कासापाकडच्या खेड्यातली शाळा, एकच खोली. घरात, शेतात, रस्त्यावर सगळे ग्वारानी बोलत. शाळेत ग्वारानीचा एक शब्द तोंडातून निघाला की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून उभं राहायचं. गुडघ्यांत दाणे रुतून बसत, घरी गेल्यावर आई नखाने काढी. सात वर्षांच्या झुनिल्दाने ठरवून टाकलं होतं की आपल्या तोंडून फक्त पुस्तकातलं निघेल. कळो न कळो. तिने पुस्तक पाठ केलं, आवाज कमावला, आणि गुडघे वाचले. अर्थ मागाहून आला. पंधराव्या वर्षी शहरात एका डॉक्टरच्या घरी राहून शिकताना, त्यांच्या जेवणाच्या टेबलामागे उभं राहून ऐकताना तो हळूहळू आला. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा आपोआप. म्हणून बाईंची श्रद्धा बसली: आधी आवाज, अर्थ मागाहून येतोच. सगळ्या मुलांना डॉक्टरचं घर मिळत नाही, हा एवढा साधा विचार तीस वर्षांत त्यांच्या मनात आला नाही. की आला होता आणि त्यांनीच परतवला? कारण फ्रेतेसची गोष्ट होतीच. आनिबाल फ्रेतेस, विज्ञानाचा तरुण शिक्षक, तीन वर्षांपूर्वी आलेला. एकदा बाई कार्यशाळेला गेल्या असताना त्याने त्यांच्या आठवीच्या वर्गाला एक उतारा दिला. उतारा त्याने स्वतः लिहिला होता आणि त्यातले निम्मे शब्द कुठल्याच भाषेत नव्हते. गोमारी लुसकांना का तिरफटली, असले प्रश्न. चौतीस मुलांपैकी एकतीस जणांनी अचूक उत्तरं लिहिली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या मागची-पुढची ओळ उतरवून काढायची; ही युक्ती मुलांना कुणी शिकवली नव्हती, ती त्यांना जगता जगता सापडली होती. लुसका म्हणजे काय, तिरफटणं म्हणजे काय, हे एकाही पोराने विचारलं नाही. फ्रेतेसने ते पेपर बाईंच्या टेबलावर आणून ठेवले. तो चेष्टा करत नव्हता, तो घाबरला होता. "बाई, यांचं आपण काय करून ठेवलंय?" बाईंनी ते पेपर उचलले, मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या की हा मुलांची फसवणूक करतो, त्यांचा आत्मविश्वास मारतो. पुढच्या वर्षी फ्रेतेसची बदली सरहद्दीवरच्या कुठल्याशा शाळेत झाली. जाताना तो भेटायला आला नाही. पेपरांचा गठ्ठा बाईंनी शाळेच्या मागे पालापाचोळा पेटवतात तिथे टाकला होता. मुलांची सुबक, सरळ, एकसारखी अक्षरं कडेने तपकिरी होत आत आत वळत गेली आणि धुराने डोळे चुरचुरले.

गुरुवारी न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर नोएलिया बसली होती. पोट चांगलंच दिसत होतं. केस घट्ट बांधलेले, पांढरा शर्ट इस्त्रीचा, फोटोतल्यासारखीच ताठ. बाईंना पाहून ती उठायला लागली, बाईंनी तिला बसवलं. "तुम्ही आलात म्हणजे झालं, बाई," ती म्हणाली. "मी वकीलबाईंना सांगत होते, आमच्या बाई सांगतील मी कशी वाचत होते ते." तिचा चेहरा उजळला होता. बाई आपल्या बाजूने आल्या नाहीत, त्यांना पलीकडच्यांनी बोलावलं आहे, आणि आपण छान वाचत होतो हीच पलीकडच्यांना हवी असलेली गोष्ट आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तेही कागदावर लिहिलेलं होतं. तिने वाचलं असणार, श्वास घेत. बाईंनी तिचा हात हातात घेतला. पिठाने आणि भट्टीच्या धगीने बोटांची टोकं खरखरीत झाली होती. "घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं. कुणी नव्हतं, मावशी गेली, आई तिकडेच राहिली, बाळाचा बाप पुढे काय करायचं ते पाहतो म्हणून कुठेसा गेला होता. हे तिने ग्वारानीत सांगितलं आणि लगेच इकडे तिकडे पाहून ओठ मिटले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीतल्या दोन बायका बसल्या होत्या, कंपनीच्या साक्षीदार. त्या जमिनीकडे बघत होत्या.

आत पंखा फार मोठा आवाज करत होता. न्यायाधीश चाळिशीच्या बाई होत्या, थकलेल्या, समोर फायलींचा ढीग. कंपनीचे वकील गोड आवाजाचे, वयस्कर. त्यांनी आधी बाईंच्या तीस वर्षांच्या सेवेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. मग एकेक प्रश्न. ही तुमची विद्यार्थिनी? हो. तुमच्याकडे तीन वर्षं होती? हो. राष्ट्रीय स्पर्धेत हिला पहिलं बक्षीस तुम्हीच मिळवून दिलंत? "तिने मिळवलं," बाई म्हणाल्या. वकील हसले. "अर्थातच. म्हणजे हिला वाचता येतं." हो म्हणून खाली बसता आलं असतं. त्या क्षणी बाईंना ते दार अगदी स्वच्छ दिसलं, उघडं, थंड सावलीत जाणारं. डिसेंबरात त्या निवृत्त होणार होत्या. शाळा वाचनकक्षाला त्यांचं नाव देणार होती. पुढच्या महिन्यात शेवटची कार्यशाळा होती, दोनशे शिक्षकांची. त्यांना आपला आवाज दुरून आल्यासारखा ऐकू आला. "तिला वाचता येतं. वाचलेलं कळत नाही."

वकिलांनी मान तिरकी केली. न्यायाधीशांनी प्रथमच फाईलवरून नजर वर उचलली.

"तुम्ही तिला उत्तम गुण दिलेत," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिका इथे आहेत."

"दिले. मला माहीत असून दिले. ती उत्तम वाचते. मी तिला आवाज शिकवला, अर्थ शिकवला नाही. तिलाच नाही, कुणालाच नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर बाईंना थांबता येईना. उलटी व्हावी तसं सगळं बाहेर आलं, बाखामारपासून फ्रेतेसच्या पेपरांपर्यंत. टंकलेखन करणारा मुलगा मध्येच हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला. बोलताना त्यांना हलकं वाटत होतं. लाज वाटण्याऐवजी एक प्रकारचं सुख वाटत होतं, आणि त्या सुखाच्या भरात त्यांनी नोएलियाकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित गप्प बसल्या असत्या.

न्यायाधीशांनी तो कागद नोएलियापुढे ठेवायला सांगितला. वाच, म्हणाल्या. नोएलिया उठली. पोटामुळे तिला टेबलापासून थोडं मागे उभं राहावं लागलं. कागद तिने छातीच्या उंचीवर धरला, कोपर अंगाला न चिकटवता, बाईंनी शिकवलं होतं तसा, आणि वाचायला लागली. खालील सही करणारी मी, स्वेच्छेने आणि कोणत्याही दबावाविना. आवाज स्वच्छ, भरदार. एकही अक्षर घसरलं नाही. अपरिवर्तनीयपणे हा शब्द तोंडाचे तुकडे करणारा. तो तिने असा उच्चारला की जणू फळ सोलून ताटलीत ठेवलं. वर्तमान अथवा भविष्यकालीन सर्व हक्कांचा त्याग करते इथे तिने आवाज किंचित खाली आणला आणि शेवटचा पूर्णविराम शांतपणे टेकवला. बेकरीतल्या दोघींपैकी एकीने डोळे पुसले. आपल्याच पोटावर पाय देणारा कागद इतका सुंदर वाचलेला बाईंनी कधी ऐकला नव्हता, आणि लाज ही की तशातही त्यांचं मन श्वासाच्या जागा मोजत होतं, आणि एकही चुकली नव्हती.

"कळलं का तुला, काय वाचलंस?" न्यायाधीशांनी विचारलं. आवाज कठोर नव्हता. गिल्दा पुढे वाकली. नोएलियाने नुसतं नाही म्हणायचं होतं. त्या एका शब्दाने तिची नोकरी परत येत होती. तिने आधी गिल्दाकडे पाहिलं, मग त्या दोन बायकांकडे. दोन वर्षं त्या तिच्या शेजारी उभ्या राहून पीठ मळत होत्या, आणि घरचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा कागद आला की तिच्यापुढे धरत होत्या: वाच गं नोएलिया, तुला येतं. मग तिने बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही.

"कळलं, मॅडम," ती म्हणाली. "मला सगळं कळतं. बाई आता वयस्कर झाल्यात. त्यांना आठवत नाही."

बाई उठल्या. न्यायाधीशांची परवानगी न मागताच त्यांनी ग्वारानीत विचारलं, "बाळा, त्याग करते म्हणजे काय, एवढंच सांग मला. तुझ्या शब्दांत सांग." नोएलियाचे कान लाल झाले. तिने स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, एकेक अक्षर वेगळं करत: "मला स्पॅनिश येतं, बाई." गिल्दाने हात वर केला, म्हणाली की नोएलियाला अर्थ विचारण्याची परवानगी द्यावी. न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांनी कपाळ दाबलं. ती स्वतः म्हणते आहे कळलं, त्या म्हणाल्या, तिच्या डोक्यात काय आहे ते मी तिच्यापेक्षा जास्त कसं जाणणार. पुढचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात नोएलिया पाठमोरी उभी होती. गिल्दा तिला काही समजावत होती आणि ती मान हलवत होती. बाई जवळ गेल्या तेव्हा ती वळली, आणि एवढंच म्हणाली, तेही हळू, कारण आवाज कुठे खाली आणायचा हे तिला चांगलं माहीत होतं: "माझ्याकडे तेवढं एकच होतं, बाई."

निकाल नोव्हेंबरात लागला, नोएलियाच्या विरुद्ध. गिल्दाने फोन करून सांगितलं आणि अपील करायला नोएलिया तयार नाही हेही सांगितलं. बाईंच्या साक्षीची बातमी त्याआधीच शाळेत पोहोचली होती. मुख्याध्यापक रागावले नाहीत. ते फार सौजन्याने बोलले, आणि कार्यशाळा दुसऱ्या कुणाला तरी दिली. वाचनकक्षाच्या नावाबद्दल पुढे कुणी विषय काढला नाही. उरलेले पाच आठवडे बाईंनी नववीला वेगळ्या तऱ्हेने शिकवायचा प्रयत्न केला. एकेका वाक्यावर थांबायचं, हे तुझ्या आईला ग्वारानीत सांग म्हणायचं. मुलं गोंधळली, मग कंटाळली, मग चिडली. धडाधड वाचणारी मुलं चाचपडू लागली, शब्दाशब्दाला बाईंच्या तोंडाकडे बघू लागली. दोन आया तक्रार घेऊन आल्या: पोरगी आधी किती छान वाचायची, आता ततपप करते, बाईंना बरं नाही का? शेवटच्या दिवशी टाळ्या झाल्या, फुलं मिळाली. फुलं बसमध्येच राहून गेली.

जानेवारीत, शाळांच्या सुट्ट्यांत, बाई नदीकाठच्या सखल वस्तीत, बान्यादोत गेल्या. पत्ता गिल्दाने दिला होता. पुराचं पाणी दरवर्षी जिथवर चढतं त्या खुणा भिंतींवर होत्या, फळ्या आणि पत्र्यांची घरं, वाटेवर सडलेले आंबे आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माशा. वाटभर बाई बोलायचं मनात जुळवत होत्या. माफी मागायची नव्हती. माफीने काय होतं. त्या म्हणणार होत्या, आपण दोघी बसू, आठवड्यातून दोन दिवस, फक्त आपण दोघी, कुणाला कळणार नाही. तुला शिकवायचं राहिलं ते मी शिकवते. त्यासाठी त्यांनी पिशवीत काही साधे कागद घेतले होते, औषधाच्या बाटलीची वेष्टणं, विजेचं बिल, बातमीची कात्रणं. दोन ठिकाणी विचारल्यावर एका बाईने बोट दाखवलं, "ती शिकवणीवाली होय? ती बघा, आंब्याखाली." बाईंना आधी समजलं नाही.

आंब्याखाली दोन बाकं होती आणि त्यांवर आठ-नऊ पोरंपोरी बसली होती, अकरा ते चौदा वर्षांची, माध्यमिकला गेलेली आणि मागे पडलेली, जशी बाईंकडे तीस वर्षं येत होती तशीच. समोर नोएलिया उभी होती, काखेत झोपलेलं बाळ. पुठ्ठ्यावर एक वाक्य लिहिलेलं होतं आणि त्यात लाल रंगाने श्वासाच्या जागा दाखवलेल्या होत्या. बाळ न हलवता ती मोकळ्या हाताने आवाज चढवत होती, उतरवत होती. कुंपणापाशी उभ्या एका आईने बाईंना कौतुकाने सांगितलं की पोरगी देशात पहिली आली होती, फार छान शिकवते, दोन महिन्यांत माझी मुलगी फडाफडा वाचायला लागली. नोएलियाने बाईंना पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, आणि मग तो पुन्हा बंद झाला. तिने या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मुलांना म्हणाली, "उठा सगळे. या माझ्या बाई. मला यांनीच शिकवलं." मुलं उठली. "फ्लोरेन्सिया, बाईंना वाचून दाखव."

एक उंच, सावळी मुलगी पुढे आली. तिने पुस्तक छातीच्या उंचीवर धरलं आणि वाचायला लागली. धडा मातीची धूप कशी होते याचा होता. मुलगी तो एखाद्या प्रार्थनेसारखा वाचत होती. बाई ऐकत होत्या, या वेळी डोळे उघडे ठेवून. मुलीच्या नजरेत त्यांना सगळं दिसत होतं: शब्द येत होते, ओठांवरून जात होते, आत काहीच पोहोचत नव्हतं. धूप म्हणजे काय गं, हे विचारायला एक श्वास पुरेसा होता. कुंपणापाशी आई उभी होती. दुसरी एक आई पोराला घेऊन वाटेने येत होती. बाळ झोपेत चुळबुळलं आणि नोएलियाने त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या अंगात नवं झबलं होतं. ती बाईंकडे बघत होती, सरळ, भीक न मागता, कोर्टात पाहिलं होतं तशी. वाचन संपलं. मुलगी पुस्तक मिटून थांबली. तिला काही ऐकायचं होतं, तिथल्या सगळ्यांनाच ऐकायचं होतं. पिशवीतले कागद बाईंनी हाताने आणखी आत दाबले.

"छान," बाई म्हणाल्या. "फार छान वाचलंस."